झाकली पाटी

दर वर्षी मे महिन्यात आमच्या घरी सोड्यांची, म्हणजे सोलून सुकवलेल्या कोळंबीची, एक पुडी येते. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी सांगून ठेवलं आहे की जुन्या नोकरीतल्या ओळखीच्या एक बाई आठवणीने पाठवतात. हे अर्धंच खरं आहे. बाई आठवणीने पाठवतात, पण ती भेट नाही. उरलेलं अर्धं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सुनंदाला नाही, आई होती तोवर आईला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या कोपरीच्या हिरामावशींना तर नाहीच.

आजच पुडी आली. गॅलरीत कैरीच्या फोडी वाळत घातल्या आहेत, त्यांच्या शेजारी ठेवली आहे. बाहेरून प्लास्टिकची पिशवी, आत वर्तमानपत्र, त्यावर जुन्या लुगड्याच्या काठाची गाठ. गाठ अजून सोडलेली नाही. वासाला गाठीचं काही नसतं, तो केव्हाच स्वयंपाकघरात जाऊन बसला आहे.

आगोट. पावसाळ्याआधीची बेगमी करायचे हे दिवस. डोंबिवलीत आमच्या बाजूला अजूनही हा शब्द ऐकू येतो, पण म्हाताऱ्यांच्या तोंडून. मसाल्याच्या डंकापुढे डबे घेऊन बायका उभ्या असतात आणि अख्खी गल्ली शिंकत असते. गच्चीवर कोणाचे पापड कोणाच्या चादरीवर वाळतात यावरून वर्षभर पुरेल एवढा अबोला होतो आणि चार दिवसांत मिटतो. आमच्या आईची आगोट मात्र कल्याणच्या बाजारात सुरू व्हायची. सुक्या मासळीच्या ओळीत ती सरळ जवळ्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायची. वरून कोरडा असतो, म्हणायची, खरं काय ते खाली कळतं. सोडा बोटांत धरून वाकवायची. नीट वाळलेला सोडा वाकतो आणि परत सरळ होतो, मोडत नाही. विकणारी कोळीण म्हणायची, "बाई, सून बघायला आलीस का सोडे घ्यायला?" आई म्हणायची, "सुनेला एवढं बघणार नाही गं मी." आणि खरंच, सुनंदाला बघायला गेलो तेव्हा आईने दहा मिनिटांत होकार दिलेला.

मी नोकरीला होतो ती संस्था ठाण्याची. नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. बँक ज्यांना दारात उभं करत नसे अशा बायकांना गटाने लहान कर्जं द्यायची, दर आठवड्याला हप्ता गोळा करायचा, हे आमचं काम. कोपरीचा गट माझ्याकडे होता. बहुतेक कोळणी, आणि मागच्या चाळीतल्या दोघी बौद्ध बायका. एकीचं शिवणयंत्र, दुसरीचे जेवणाचे डबे. खाडीत तोवर मासळी कमी आणि कारखान्यांचं पाणी जास्त झालं होतं. म्हणून कोपरीच्या बायका समुद्राकडून सुकी मासळी पोत्यांनी आणत, पुन्हा ऊन दाखवत, निवडत, आणि कल्याणला, शहाडला पाट्या लावून विकत. पोती घ्यायची ती आगोटीच्या तोंडावर, भाव उतरलेला असताना. म्हणजे पैसा सगळ्यांना एकाच वेळी हवा. तिथे आमची संस्था लागत असे.

गट बसायचा सोमवारी दुपारी. सोमवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं, म्हणून. हिरामावशींच्या ओट्यावर सगळ्या गोल बसायच्या आणि मधोमध एक पाटी यायची. वेताची, घासून धुतलेली, तरी तिच्यातून बोंबलाचा वास कधी गेला नाही. पाटीवर लुगड्याचा एक तुकडा. कोपरीच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, जड ते जर आणि कपडा तो कपरा; तर हा कपरा. पाटी हातोहात फिरायची. जिच्यापुढे येईल तिने मूठ मिटून हात कपऱ्याखाली घालायचा, आणि उघडा हात बाहेर काढायचा. आत किती ठेवलं, ठेवलं की नाही ठेवलं, हे त्या बाईला आणि पाटीला ठाऊक. शेवटी हिरामावशी कपरा काढून मोजायच्या. पुरेसं असलं तर काही बोलायच्या नाहीत. कमी असलं तर एवढंच म्हणायच्या, "कमी हाय." कोणाच्याही तोंडाकडे न बघता. पाटी पुन्हा फिरायची आणि भरायची.

सुरुवातीला मला हे अजब वाटलेलं. मी विचारलं, "मावशी, एखादीने रोजच रिकामा हात घातला तर?"

"घालू दे की."

"मग बाकीच्यांनी किती दिवस भरायचं?"

"सायबा, तुझे घरान पाहुना जेवून गेला तर तू त्याचे भाकरी मोजतस का?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आन रिकामा हात घालून बघ एकदा. लई जर असतो. कोन रोज उचलल?"

खरंच होतं. ज्या बाईचा हात आज रिकामा गेला ती पुढे कधीतरी दोन वाटे घालायची, कोणाला न सांगता. नारळी पौर्णिमेपर्यंत सगळं सारखं व्हायचं. मी मात्र परत येऊन कागदावर प्रत्येकीच्या नावापुढे सारखी रक्कम लिहायचो. मला खरं माहीत नव्हतं आणि खोटंही म्हणता आलं नसतं.

त्या सोमवारांचा विचार केला की अजून बरं वाटतं. ओट्यावर अर्धं ऊन, अर्धी सावली. उन्हात जवळा पसरलेला, त्यावर राखण म्हणून बसवलेली एक म्हातारी, जी कावळ्यांना नावं ठेवून शिव्या द्यायची. बायकांच्या केसांतला अबोलीचा गजरा आणि मासळी यांचा मिळून जो वास होतो त्याला मराठीत शब्द नाही. हिरामावशींच्या उजव्या हाताला कायम यशोदाबाई. दोघी एकाच गावच्या माहेरवाशिणी, वयात दहाएक वर्षांचं अंतर. पाटी हिरामावशींपासून निघायची आणि पहिली यशोदाबाईंपुढे यायची. गाणं, चेष्टा, एकमेकींच्या नवऱ्यांची नक्कल, सगळं या दोघींपासून सुरू व्हायचं. हिशेब करायला गेलेला मी तासभर जास्त बसायचो. चहा आणि हसू, दोन्ही फुकट.

मग ती आगोट आली.

परदेशातला एक फंड आमच्या संस्थेत पैसे घालायचं म्हणत होता. कर्ज नव्हे, देणगीही नव्हे. संस्थेचे भागच विकत घेणार. संस्था वाढली तर त्यांचा नफा, बुडाली तर त्यांचंही बुडणार. आमच्याकडे तेव्हा हे नवीन होतं. आमचे साहेब एरवी टाय घालत नसत, ते घालू लागले. फंडाचा माणूस येऊन एक गट प्रत्यक्ष बघणार होता आणि साहेबांनी कोपरी ठरवली, कारण कोपरीचा हप्ता कधी चुकला नव्हता. मला बोलावून म्हणाले, "ती पाटीबिटी नको हं. प्रत्येकीने आपलं नाव सांगून, सगळ्यांना दिसेल असे पैसे द्यायचे. त्यांना माणूस दिसला पाहिजे." माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. डोंबिवलीत एका जागेचं टोकन देऊन बसलो होतो. मी होय म्हणालो.

हिरामावशी सरळ नाही म्हणाल्या. "उघरी पाटी आमचेकं नाय."

"एकाच सोमवारपुरती, मावशी."

"कोन येतो हाय एवरा?"

"भागीदार होणार आहेत आमचे. म्हणजे एका परीने तुमचेही."

"आमचा भागीदार?" त्यांनी यशोदाबाईंकडे बघितलं. "मंग त्याचाबी हात पाटीन. विचार त्याला, घालतो का."

यशोदाबाई म्हणाल्या, "गोरा हात हाय तो, कपऱ्याखाली पन दिसल." आणि ओटा हसून गडबडा लोळला. हसता हसताच हिरामावशींनी मान हलवली. ठीक आहे, एकाच सोमवारी, तुझ्यासाठी. हे 'तुझ्यासाठी' मी तेव्हा खिशात घातलं आणि त्याचं वजन केलं नाही.

आदल्या दिवशी, रविवारी, मी सगळं नीट आहे ना बघायला कोपरीत गेलो. नळावर यशोदाबाई पोती धूत होत्या. रिकामी पोती. घरातलं पाण्याचं पिंप आठवडाभर नकळत ठिबकत राहिलं होतं आणि कोपऱ्यात रचलेल्या बोंबलांना बुरशी धरली होती. सगळा माल खाडीत टाकून आलेल्या. गटात सगळ्यांना कळलेलं. रडत नव्हत्या, पोती दगडावर आपटत होत्या.

"उद्याचं कसं करणार?" मी विचारलं.

"उंद्या नाव घेऊन द्यायचा हाय ना," त्या म्हणाल्या. "तुमचे पाहुन्याचे समोर. मी नाव घेन, यशोदा. पुढं काय बोलू?"

मला तेव्हा काय करता आलं असतं? साहेबांना सांगता आलं असतं की पाहुण्यांना पुढच्या आठवड्यात आणा. हिरामावशींपाशी जाऊन म्हणता आलं असतं, मावशी, तुम्हीच बघा. मी पाकिटातून हप्त्याचे पैसे काढले आणि यशोदाबाईंच्या ओल्या हातात ठेवले. त्या घेत नव्हत्या. मी म्हटलं, मला परत नकोत. मग म्हटलं, कोणाला सांगू नका. कारण संस्थेच्या माणसाने कर्जदाराचा हप्ता स्वतः भरणं म्हणजे नोकरीवर पाणी, आणि पाहुण्याला दाखवायचं ते सगळंच नाटक ठरलं असतं.

"हिराबायला पन नाय?"

"कोणालाच नको."

त्या क्षणी मला फार छान वाटलं होतं, हेही कबूल करतो. घरी येताना मी चालत नव्हतो, तरंगत होतो. कोणाच्या तरी उपयोगी पडलेल्या माणसासारखा.

सोमवारी पाहुणा आला. उंच, लाजरा, बुटांच्या नाड्या सोडायला फार वेळ लागणारा. ओट्यावर मांडी घालता येईना, म्हणून गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसला. बायका एकेक करून नाव सांगत, नोट दाखवत, पाटीत ठेवत. यशोदाबाईंनीही नाव सांगितलं, नोट ठेवली. साहेबांची मान दर नोटेला डोलत होती. पाटीच्या कडेला तो लुगड्याचा तुकडा घडी करून ठेवलेला होता. पाहुण्याने बोट दाखवून विचारलं, हे काय. मी म्हणालो, माश्या बसू नयेत म्हणून.

"काय सांगलंस त्याला?" हिरामावशींनी विचारलं.

सांगितल्यावर बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. सुक्या मासळीच्या अंगणात बसून मी पैशांवर माश्या बसतील म्हणून सांगत होतो. तेव्हापासून कोपरीत माझं नाव माशीसाहेब. पाहुणाही हसला, काय झालं ते न कळता. जेवणात त्याला वरणभात आणि बटाट्याची भाजी मिळाली. कोळीवाड्यात येऊन मासळी नाही, म्हणून तो बिचारा इकडेतिकडे बघत होता. सोमवार म्हणजे काय हे त्याला समजावणं माझ्या इंग्रजीच्या पलीकडचं होतं.

फंडाचे पैसे आले. माझी नोकरी पक्की झाली, जागा झाली, आई गॅलरीत कैऱ्या वाळवायला लागली. आणि यशोदाबाई सोमवारी दिसेनाशा झाल्या. आधी एखादा सोमवार, मग दोन. हप्ता कोणाबरोबर तरी पाठवायच्या. नारळी पौर्णिमेनंतर कर्ज फेडून त्यांनी गट सोडला आणि दिवा स्टेशनापाशी राहायला गेल्या. तिथे भाडं कमी पडतं, एवढंच म्हणाल्या. हिरामावशींच्या उजवीकडची जागा रिकामी राहिली. दुसरी कोणी बसली नाही, म्हणजे कोणाला बसू दिलं नाही.

त्या सोमवारी खरं काय झालं ते मला दिवाळीच्या सुमारास कळलं. हिरामावशी फराळाचं ताट पुढे ठेवून, स्वतःवर खूश होऊन सांगत होत्या. पाहुणा यायच्या आधी, सकाळीच, घरात दार लोटून त्यांनी झाकली पाटी फिरवली होती. जमलेले पैसे सारखे वाटून प्रत्येकीच्या हातात दिले होते. नंतर ओट्यावर नाव घेऊन दिल्या त्या त्याच नोटा. संस्थेला माणूस दिसला आणि पाटी झाकलेलीच राहिली. ही युक्ती त्यांनी कोणाला आधी सांगितली नव्हती, बायकांनासुद्धा नाही. पुढे नावानिशी हप्त्याचा नियमच झाला तेव्हाही कोपरीत हेच चालू राहिलं, आणि मी कधी वर बोललो नाही.

"पन त्या दिशी एक गंमत झाली," त्या म्हणाल्या. "यशोदेचा माल गेलेला सगल्यांना म्हायती. सगल्यांनी थोरं थोरं जास्त घातलं. तिचा हात रिकामा येल म्हनून. आन मोजलं, तं जास्त झालं. आमचे पाटीन कवाच जास्त नाय झालं."

"मग?"

"मंग काय. त्या पैशाचे बटाटे आनले तुझे पाहुन्याला." त्या हसल्या आणि हसू मधेच संपलं. "तिचेकं पैसे होते रे. कुठून आले, ते आमी इचारत नाय. पन तिला वाटलं असल, मी हातान पैसे घेऊन आलेय आन ह्या माझे वाटचे भरतात, मना भिकारी समजतात. मानी हाय ती. रुसली. मी घरी गेले तिचे, तं तोंड फिरवून बसली. काय बोललीच नाय."

मी करंजी खाल्ली आणि निघालो.

आजही हे मनात जुळवून बघतो तेव्हा प्रत्येक वेळी तिथेच अडतो. रिकामा हात चालला असता. त्यासाठीच तर कपरा होता. माझे पैसे नसते तर यशोदाबाईंनी रिकामा हात घातला असता आणि सगळं पुरेपूर झालं असतं. पण हातात पैसे असताना रिकामा हात घालणं त्यांना जमलं नाही. कपऱ्याखाली कोणी बघत नसतं म्हणूनच जमलं नाही. आणि पाटी ओसंडली. कोणी काही विचारलं नाही, कारण विचारायचं नाही हीच पाटीची रीत. एका प्रश्नाने सगळं सुटलं असतं, आणि एका शब्दाने सुद्धा. तो शब्द मी आदल्या दिवशी नळावर मागून घेतला होता.

पुढे त्या फंडाबद्दल मी बरंच वाचलं. कुठल्याकुठल्या देशातल्या निवृत्त मास्तरांची, नर्सांची पुंजी त्यात एकत्र केलेली असते म्हणे. कोणाचा डॉलर कोपरीत आला ते कोणाला माहीत नसतं. म्हणजे तीही झाकलेली पाटीच. पाहुण्याला आम्ही तसं सांगितलं असतं तर कदाचित लगेच कळलं असतं. हिरामावशी म्हणत होत्या तसा त्याचा हात कपऱ्याखाली घालायला हवा होता. मी माश्यांचं सांगितलं.

पुढच्या आगोटीला ठाण्याच्या कचेरीत माझ्या नावाने पहिली पुडी आली. आईने गाठ सोडली, एक सोडा वाकवून बघितला आणि म्हणाली, कोणी दिले रे, बाजारात असे मिळत नाहीत. सुनंदा देशावरची, तिने पहिल्या वर्षी पुडी गॅलरीबाहेर टांगली होती. दुसऱ्या वर्षी आईने तिला सोड्यांची खिचडी शिकवली. तिसऱ्या वर्षापासून मे महिना लागला की तीच विचारते, "तुमच्या बाईंची पुडी नाही आली अजून?" वरून तुपाची धार, बाजूला पापड, बाहेर उकाडा. त्या जेवणासारखं सुख आमच्या घरात दुसरं नाही. हे सुख मी खात आलो आहे आणि चवीने खात आलो आहे.

काही वर्षांनी, पुड्या थांबवा म्हणून सांगायला मी दिव्याला गेलो. यशोदाबाई टँकरच्या रांगेत होत्या. मला बघून त्यांनी आधी एक हंडा माझ्या हातात दिला. "माशीसाहेब, उभे रव्हा, तुमचे नावाचा एक हंडा जास्त मिलंल."

हंडा घरी पोचवल्यावर मी म्हणालो, "बाई, ते पैसे केव्हाच फिटले. आता पाठवू नका."

"पैशाचं नाय ते."

"मग?"

"मी तुमाला सबूद दिलाय. वरसाला एकदा आठवन करते, अजून पालते म्हनून." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "हिराबाय आलती माझे घरी. समोर बसली. मी तिचेशी खोटं कवा बोलले नाय, खरं तुमी बोलू दिलं नाय. मंग मी भिंतीकडं बघत बसले. मी नाय सांगनार आता. तुमाला सांगायचा असल तं सांगा." आणि लगेच, "च्या घेनार का? दूध नाय, कोरा हाय."

कोरा चहा घेतला. छान होता. कोपरीचा गट तोवर माझ्याकडे राहिला नव्हता, तरी येताना ठरवलं, याच सोमवारी कोपरीला जायचं. तेव्हा बढतीचं चाललं होतं, ते झालं की जायचं ठरलं. मग संस्था मोठी झाली, दुसऱ्यांच्या हाती गेली, मी बाहेर पडलो. भीती घालायला नोकरीही उरली नाही. तरी गेलो नाही.

गेल्या वर्षी कोपरीत एका लग्नाला गेलेलो. मांडवात हिरामावशी खुर्चीवर बसल्या होत्या. डोळ्यांना कमी दिसतं, पण आवाज ओळखला. "माशीसाहेब ना रे तू?" हात धरून बसवलं. गट अजून बसतो, सुना चालवतात, पाटी तीच आहे म्हणाल्या. मग हात न सोडता विचारलं, "तू फिरतस सगलीकरं. यशोदा दिसते का कवा?"

मी म्हणालो, नाही दिसत. माझ्या घरी तेव्हा डब्यात तिचे सोडे होते.

सुनंदा आता गाठ सोडते आहे. तिने एक सोडा घेऊन वाकवला, तो परत सरळ झाला, आणि ती आईसारखीच मान हलवून आत गेली. खिचडी होईल, आम्ही पोटभर जेवू. जेवून झाल्यावर हे सगळं तिला वाचून दाखवणार आहे. तिचं देणं तेवढ्याने फिटेल.

हिरामावशींचं फिटणार नाही. त्यांना मी त्यांच्याच ओट्यावर, तोंडाने सांगायचं इतकंच देणं आहे: मावशी, यशोदा तुमच्यावर रुसून गेली नाही. ते पैसे माझे होते, आणि तिला गप्प मी बसवलं होतं.